कर्नाळ्याच्या पायथ्याशीं पाहिलेले फिलिपिनो चित्रपट

पनवेल मागें टाकून गोव्याच्या रस्त्यास लागलें म्हणजे थोड्याच वेळांत कर्नाळ्याचा सुळका दिसूं लागतो. कोणीं हाताचा आंगठा आकाशाकडे उभा धरावा, तसा तो दुरून दिसतो. त्याच्या पायथ्याचें रान १९६८ सालापासून पक्ष्यांसाठीं राखून ठेवलेलें आहे. पावसाळ्यांत स्वर्गीय नर्तक आणि शीळ घालणारा कस्तूर यांचा तेथें संचार असतो, आणि थंडी पडूं लागली कीं उत्तरेकडून दूरदूरचे पाहुणे पक्षी येतात. दोन-चार महिने राहतात आणि ऊन तापूं लागण्यापूर्वीं निघून जातात.

आमच्या कुटुंबांतील एक पक्षीही साधारण त्याच सुमारास घरीं येतो. आमचा पुतण्या मालवाहू जहाजावर एंजिनियर आहे. वर्षांतील सात-आठ महिने त्याचा संसार समुद्रावर, आणि उरलेले दिवस आमच्यांत. त्याच्या जहाजावरील सारंग फिलिपिनो, स्वयंपाकी फिलिपिनो, आणि खलाशीही बहुतेक तिकडचेच. यांत नवल कांहीं नाहीं. जगाच्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो लोकांचा भरणा फार मोठा आहे, आणि आपले कोंकणी दर्यावर्दीही त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. काम संपल्यावर हीं मंडळी एकत्र बसून आपल्या भाषेंतील चित्रपट पाहतात. त्यांच्या संगतीनें आमच्या पुतण्यालाही तो नाद लागला, आणि गेल्या हिवाळ्यांत घरीं येतांना त्यानें तसल्या चित्रपटांची एक यादीच बरोबर आणली. “काका, एकदां सर्वांनीं मिळून पाहूं या,” असें तो म्हणाला, तेव्हां आम्हीं कौतुकापेक्षां संकोचानेंच होकार दिला. परक्या देशाचा, परक्या धर्माचा, परक्या भाषेचा चित्रपट आमच्या ऐंशीं वर्षांच्या मातोश्रींनीं काय म्हणून पाहावा?

परंतु रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर ओटीवर सतरंज्या पडल्या. पडद्याखालीं इंग्रजी अक्षरें उमटत, तीं सूनबाईनें मोठ्यानें मराठींत सांगावयाचीं असें ठरलें. अशा रीतीनें चार रात्रीं हा कार्यक्रम चालला. त्या चार रात्रींनीं आम्हांस जें दाखविलें तें आपल्या वाचकांपुढें ठेवावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

तो देश आणि त्याचा चित्रपट

फिलिपाइन्स म्हणजे सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तीनशें वर्षांहून अधिक काळ तेथें स्पेनचें राज्य होतें. १८९८ सालीं अमेरिकेनें तो घेतला आणि १९४६ सालीं तो स्वतंत्र झाला. म्हणजे स्वातंत्र्य त्यांना आपल्यापेक्षां एक वर्ष आधीं मिळालें. चित्रपटाच्या बाबतींत मात्र आपण पुढें होतों. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. होसे नेपोमुसेनो या गृहस्थांनीं फिलिपिनो लोकांचा पहिला कथापट ‘दालागांग बुकिद’ काढला तो १९१९ सालीं.

पुढील शतकांत त्या चित्रपटानें बरीच मजल मारली. लिनो ब्रोका यांचा ‘इन्सियांग’ १९७८ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत दाखविला गेला. त्या देशाचा तेथें पोंचलेला तो पहिला चित्रपट. ब्रियान्ते मेन्डोसा यांना २००९ सालीं तेथेंच उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळालें. लाव दियास यांच्या ‘ती निघून गेलेली स्त्री’ अशा अर्थाच्या नांवाच्या चित्रपटास २०१६ सालीं व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. न केलेल्या अपराधासाठीं तीस वर्षें तुरुंगांत काढून बाहेर आलेल्या स्त्रीची ती कथा आहे. हा चित्रपट कृष्णधवल, आणि जवळजवळ पावणेचार तासांचा आहे!

व्हेनिसचें नांव निघालें म्हणजे मराठी मनुष्यास ‘संत तुकाराम’ आठवावाच. प्रभातच्या त्या बोलपटाचा गौरव १९३७ सालीं त्याच नगरींत झाला होता. पुढें २०१४ सालीं चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नें आणि २०२० सालीं त्यांच्याच ‘द डिसायपल’नें तेथें पारितोषिकें मिळविलीं. तेव्हां मानसन्मानाच्या दृष्टीनें आपण कमी आहों असें मुळींच नाहीं. फरक आहे तो दुसऱ्याच एका गोष्टींत, आणि ती आम्हांस पहिल्याच रात्रीं कळून आली.

परत आलेली आई

पहिल्या रात्रीं पाहिला तो ‘आनाक’. ‘आनाक’ म्हणजे अपत्य. रोरी किंतोस या दिग्दर्शिकेनें तो २००० सालीं काढला आणि त्यांत आईचें काम विल्मा सान्तोस या विख्यात नटीनें केलें आहे. कथा अगदीं साधी आहे. होसी नांवाची एक बाई हाँगकाँगमध्यें परक्यांच्या घरीं मोलकरीण म्हणून राहते, परक्यांचीं मुलें वाढविते, आणि पैसे आपल्या मुलांना पाठविते. मधल्या काळांत तिचा नवरा वारतो, पण तिला अंत्यविधीलाही येतां येत नाहीं. वर्षांनंतर ती भेटवस्तूंनीं भरलेलीं खोकीं घेऊन घरीं परतते, तों थोरली मुलगी तिच्याशीं धड बोलत नाहीं, आणि धाकटी तर तिला ओळखतच नाहीं. आपण जिच्यासाठीं झिजलों तिला आपण नकोसे झालों आहों, हें त्या माउलीला हळूहळू कळतें. मुलीचाही राग खोटा नसतो. ‘तूं पैसे पाठविलेस, तूं स्वतः कोठें होतीस?’ या तिच्या प्रश्नाचा रोख चुकवितां येत नाहीं. शेवटीं दोघींचा समेट होतो; परंतु घर चालवावयाचें तर आईला पुन्हां जाणें भागच असतें.

हा प्रश्न तेथें एका घराचा नाहीं. १९७४ सालीं, मार्कोस यांच्या राजवटींत, माणसें कामासाठीं परदेशीं पाठविण्याचें धोरण त्या सरकारनेंच आंखलें. आज सुमारें एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर आहेत असा अंदाज केला जातो. कोणी जहाजावर, कोणी इस्पितळांत परिचारिका, कोणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत. घरोघरीं एक पान रिकामें, आणि म्हणूनच तेथील चित्रपटाचा तो जणूं कुळाचारच झाला आहे. २०१९ सालच्या ‘हेलो, लव्ह, गुडबाय’ या अतिशय लोकप्रिय प्रेमकथेची नायिका देखील परिचारिकेचें शिक्षण घेतलेली, पण हाँगकाँगांत घरकाम करणारी मुलगी आहे; प्रियकर कीं कॅनडांतील नोकरी, हा तिच्यापुढील पेंच. २०१६ सालच्या ‘संडे ब्यूटी क्वीन’ या माहितीपटांत त्याच शहरांतील मोलकरणी आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशीं सौंदर्यस्पर्धा भरवितात. सहा दिवस भांडीं घासणारे हात सातव्या दिवशीं मुकुट सांवरतात, हें दृश्य पाहून आमच्या घरच्या स्त्रिया आधीं हंसल्या आणि मग गप्प झाल्या.

‘आनाक’ संपला तेव्हांही ओटीवर असेंच झालें. त्याचें कारण आमच्या घरापुरतें होतें. पुतण्या आठ महिन्यांनीं घरीं आला त्या सकाळीं त्याची चार वर्षांची मुलगी त्याला पाहून आजीच्या पदराआड लपली होती. फोनवर रोज दिसणारा बाबा आणि दारांत उभा असलेला हा उंच मनुष्य एकच, हें तिला पटेना. त्या वेळीं सर्वजण हंसले होते. चित्रपटांतील धाकटी मुलगी आईला पाहून तशीच मागें सरली, तेव्हां सूनबाईचा वाचतां वाचतां आवाज थांबला, आणि पुढचीं कांहीं वाक्यें आम्हीं भाषांतरावांचूनच पाहिलीं. मातोश्रींनीं कोणाकडेही न पाहतां एवढेंच विचारलें, “अरे, तुझी पुढची सही कधींची?” पुतण्यानें उत्तर दिलें, “मार्चची, आजी.” त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत.

देवाचा साक्षात्कार आणि गांवाची बाजारपेठ

दुसऱ्या रात्रीं ‘हिमाला’ पाहिला. ‘हिमाला’ म्हणजे चमत्कार. इश्माएल बेर्नाल यांचा हा १९८२ सालचा चित्रपट त्यांच्याकडे अभिजात मानला जातो. एका दुष्काळी खेड्यांतील एल्सा नांवाची मुलगी आपल्याला मेरीमातेचें दर्शन झाल्याचें सांगते. रोगी तिच्या दाराशीं लोटतात, यात्रा भरते, खाणावळी निघतात, बाटल्यांतून पाणी विकलें जातें, आणि पैशाबरोबर यावयाचें तें सगळें गांवांत येतें. शेवटीं ती मुलगीच हजारों लोकांसमोर सांगते कीं चमत्कार झालाच नव्हता. आणि त्या गर्दींतच तिचा अंत होतो. नोरा ओनोर या नटीचा चेहरा त्या प्रसंगीं जो दिसतो तो विसरतां येणें कठीण आहे.

चित्रपट अर्ध्यावर आला असेल नसेल, तोंच आमच्या धाकट्या बंधूंनीं म्हटलें, “अहो, हा तर आपला ‘देऊळ’!” आणि खरोखरच तसें आहे. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्यें (२०११) केशा नांवाचा साधाभोळा गुराखी झाडाखालीं डुलकी घेतो, त्याला दत्ताचें दर्शन होतें, आणि गांवांत रुग्णालयाची योजना बाजूस पडून देऊळ उभें राहतें. मग दुकानें, पुढारी, उत्पन्न हें सारें ओघानें येतें. त्या वर्षींच्या उत्कृष्ट कथापटाचा राष्ट्रीय मान या चित्रपटास बिआरी भाषेंतील एका चित्रपटाबरोबर विभागून मिळाला होता. दोन्ही कथांत एकोणतीस वर्षांचें आणि हजारों मैलांचें अंतर आहे. तेथें मेरी, येथें दत्त. तेथें शोकांतिका, येथें हंसतां हंसतां लागणारा चटका. परंतु भोळ्या श्रद्धेचा व्यापार कसा मांडला जातो, याचें निदान दोघांनींही एकच केलें आहे. ‘देऊळ’मध्यें जी देवावरची खरी माया केशाच्या अंगीं आहे तिची थट्टा दिग्दर्शकानें केलेली नाहीं, ‘हिमाला’नेंही एल्साला लबाड ठरविलेलें नाहीं. देवघरांत रोज दिवा लावणाऱ्या घरानेंही हे दोन्ही चित्रपट बिनदिक्कत पाहावेत, असें आमचें मत झालें.

दोन देशभक्त

तिसऱ्या रात्रीं पाहिलेल्या चित्रपटाचें नातें थेट आमच्या परिसराशीं निघालें. मारिलू दियास-आबाया या दिग्दर्शिकेनें १९९८ सालीं ‘होसे रिझाल’ काढला. रिझाल हे नेत्रवैद्य आणि कादंबरीकार. त्यांच्या लेखणीनें स्पेनच्या सत्तेला इतका धाक घातला कीं ३० डिसेंबर १८९६ रोजीं मनिलांत त्यांना गोळ्या घालून मारण्यांत आलें.

कर्नाळ्याच्या जवळच शिरढोण आहे. तेथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पुण्याच्या लष्करी हिशेबाच्या कचेरींत नोकरीस असतांना आईच्या अखेरच्या आजारांत त्यांना वेळेवर रजा मिळाली नाहीं आणि मातेची भेट अंतरली. हा घाव त्यांच्या मनांत खोल गेला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. बंडानंतर सरकारनें त्यांना एडनला पाठविलें आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथेंच, समुद्रापलीकडे, त्यांचा देह पडला. २००७ सालीं गजेंद्र अहिरे यांनीं त्यांच्यावर मराठी चित्रपट काढला. त्यांत वासुदेव बळवंतांची भूमिका अजिंक्य देव यांनीं केली आहे.

रिझालचा चित्रपट पाहून झाल्यावर मातोश्री म्हणाल्या, “म्हणजे रजा न मिळण्याचें दुःख आपल्याकडेही जुनेंच म्हणावयाचें.” पहिल्या रात्रींची हाँगकाँगची होसी आणि शिरढोणचे वासुदेव बळवंत यांना एका धाग्यांत ओवण्याचें आम्हां शिकलेल्यांना सुचलें नव्हतें, तें त्यांना सुचलें.

परदेशांत जन्मलेलीं मुलें

चौथी रात्र परदेशस्थ फिलिपिनो कुटुंबांची होती. जीन काहायोन यांचा ‘द डेब्यू’ (२०००) हा अमेरिकेंत वाढलेल्या बेन नांवाच्या मुलाविषयीं आहे. बाप टपालखात्यांत राबलेला. मुलानें डॉक्टर व्हावें ही त्याची इच्छा. मुलाला चित्रकला शिकावयाची आहे, आणि गोऱ्या मित्रांपुढें आपल्या घरच्या चालीरीतींची त्याला लाज वाटते. बहिणीच्या अठराव्या वाढदिवसाच्या समारंभांत, एका रात्रींत, हें सगळें उफाळून येतें. डायेन पारागास यांच्या ‘यलो रोझ’ (२०१९) मध्यें टेक्ससमधील एका मुलीच्या आईला राहण्याचा परवाना नसल्यामुळें पकडून नेतात आणि ती पोर एकटी पडते. इसाबेल सान्दोवाल यांच्या ‘लिंग्वा फ्रांका’ची (२०१९) नायिका न्यूयॉर्कमध्यें एका वृद्ध रशियन बाईची शुश्रूषा करून मिळालेले पैसे आपल्या आईला पाठविते. यांपैकीं ‘द डेब्यू’ आम्हीं पाहिला. बाकीच्यांच्या कथा पुतण्यानें सांगितल्या.

‘द डेब्यू’ पाहतांना मनांत सारखें येत होतें कीं हें घर आपल्या ओळखीचें आहे. मुलानें डॉक्टर किंवा एंजिनियर व्हावें हा आग्रह. पाहुण्यांसमोर मुलाला चारचौघांत विचारलेले प्रश्न. आईबापांची भाषा कळते पण बोलतां येत नाहीं अशी नवी पिढी. आपल्या कोणत्या घरांत आज हें नाहीं? अमेरिकेंतील मराठी लोकांचें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालापासून काम करीत आहे. ‘देऊळ’चे निर्माते अभिजीत घोलप हे अमेरिकेंत स्थायिक झालेले उद्योजक, त्यांच्या पुढाकारानें २०२४ च्या जुलैंत कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें मराठी चित्रपटांचा महोत्सव भरला. म्हणजे परदेशांत मराठी माणूस आहे, पैसा आहे आणि आस्थाही आहे.

परंतु त्या माणसाची आणि त्याच्या मागें राहिलेल्या घराची कथा आपल्या चित्रपटांत अजून पुरती आलेली नाहीं. मराठी रंगभूमीनें ती फार पूर्वीं ओळखली होती. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’नें १९७० च्या दशकांतच परदेशस्थ मुलाची वाट पाहणारे म्हातारे आईबाप रंगमंचावर आणले आणि प्रेक्षकांस रडविलें. चित्रपटांत एकत्र कुटुंबावर चांगल्या कृति झाल्या आहेत. राजेश मापुसकर यांच्या ‘व्हेंटिलेटर’मध्यें (२०१६) गणपतीच्या तोंडावर अत्यवस्थ झालेल्या वडीलधाऱ्या माणसाभोंवतीं सगळें कोंकणी गोत जमतें; मंगेश जोशी यांच्या ‘कारखानिसांची वारी’त (२०२०) थोरल्या भावाच्या अस्थि घेऊन एक पुणेरी कुटुंब एकाच मोटारींतून निघतें. अगदीं अलीकडे, २०२५ सालीं, रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवाचें मोठें पारितोषिक मिळविलें. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठीं मुंबईहून गांवीं आलेल्या तरुणाची ती कथा. त्याचें बालमित्रावरील प्रेम जुन्या घरांना एकदम पचेल असें नाहीं. परंतु मुलाचें मन जाणणारी त्यांतील आई प्रत्येक घरानें पाहावी अशी आहे. गांव आणि मुंबई यांमधील अंतर मराठी चित्रपटानें असें अनेकदां मोजलें आहे. समुद्राचें अंतर मोजावयाचें अजून राहिलें आहे.

आपण काय करावें?

फिलिपिनो लोकांनीं आपल्या चित्रपटासाठीं दोन व्यवस्था केल्या आहेत, त्या सांगण्याजोग्या आहेत. १९७५ सालीं सुरू झालेल्या मनिलाच्या महोत्सवांत दरवर्षीं २५ डिसेंबरपासून सुमारें दोन आठवडे तेथील चित्रपटगृहांत केवळ देशी चित्रपट लागतात. नाताळची सुट्टी, हातांत पैसा, घरीं आलेलीं परदेशस्थ माणसें. अशा वेळीं सबंध कुटुंब आपल्या भाषेंतील चित्रपटास जातें. दुसरी व्यवस्था ‘सिनेमालाया’ची. २००५ सालापासून चालूं असलेल्या या महोत्सवांत नव्या दिग्दर्शकांच्या कथा निवडून त्यांना चित्रपट काढण्यासाठीं मूळ भांडवल दिलें जातें. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारचें अनुदान आहे, आणि २०१५ सालीं बहुपडदा चित्रगृहांनीं मराठी चित्रपटास चांगली वेळ द्यावी असा निर्णयही झाला. तरीही हुकमानें खेळ लावतां येतो. खुर्च्या प्रेक्षकांनींच भरावयाच्या असतात.

म्हणून आमची वाचकांस एक साधी सूचना आहे. गणपतींत किंवा दिवाळींत बाहेरगांवचीं मुलें घरीं येतात. त्या दिवसांतील एक संध्याकाळ सर्वांनीं मिळून एक चांगला मराठी चित्रपट पाहण्यासाठीं ठेवावी, आणि तो पाहून झाल्यावर अर्धा तास त्याविषयीं बोलावें. आजोबांनीं बोलावें, सुनांनीं बोलावें, आणि मुलांना बोलूं द्यावें. जी गोष्ट जेवतांना एकमेकांना विचारतां येत नाहीं ती पडद्यावरील माणसांच्या आडून विचारतां येते, असा आमचा चार रात्रींचा अनुभव आहे.

मार्चमध्यें पुतण्यानें सही केली. पण ती नेहमींच्या आठ महिन्यांची नसून चार महिन्यांची. पगार त्यामुळें कमी झाला, आणि मधल्या काळांत किनाऱ्यावरील नोकरीसाठीं द्यावयाच्या परीक्षेचीं पुस्तकें त्यानें बरोबर नेलीं आहेत. ती नोकरी मिळेल कीं नाहीं, हें आज कोणास सांगतां येणार नाहीं. तो निघाला त्या पहाटे त्याची मुलगी मात्र आजीच्या पदराआड लपली नाहीं. ती त्याचें बोट धरून रस्त्यापर्यंत गेली, आणि परत आल्यावर तिनें आजीला विचारलें, “बाबा कोणत्या पक्ष्यांबरोबर येणार?” थंडीच्या पक्ष्यांच्याही आधीं, असें मातोश्रींनीं तिला सांगून ठेवलें आहे.